आत जाऊन टॉप मारला की सगळं कळतं म्हणे

गेल्या महिन्यात एकच मेसेज मला चार ग्रुपवर आला, त्यातला एक तर आमच्या शाळेच्या बॅचचा ग्रुप, तिथं सर्व्हरचं काय काम होतं देव जाणे. मेसेज असा: "व्हीएम स्लो वाटतेय? कुणाला पैसे देऊ नका. आत लॉगिन करा, टॉप मारा. सीपीयू 70 टक्क्यांच्या आत असेल तर व्हीएम ठणठणीत, दोष सॉफ्टवेअरचा. फ्री मेमरी कमी दिसली तर रॅम वाढवा. डिस्कचा स्पीड डीडीने बघा. तरी स्लो असेल तर व्हीसीपीयू डबल करा." खाली हात जोडलेले आणि 'जास्तीत जास्त शेअर करा'. व्हीएम म्हणजे खऱ्या मशीनच्या आत सॉफ्टवेअरनं उभं केलेलं आभासी मशीन, व्हीसीपीयू म्हणजे तिला दिलेला आभासी प्रोसेसर. टॉप ही लिनक्सची कमांड, कोण किती सीपीयू खातंय ते दाखवते, आणि डीडी ही डेटा कॉपी करायची कमांड.

मी सांगलीत मार्केट यार्डातल्या काही अडत दुकानांचे सर्व्हर बघतो. त्यातल्या एकानं हा मेसेज तंतोतंत पाळला आणि ऐन हळदीच्या सीझनमध्ये मला फोन केला. एकच खोका, म्हणजे खरं मशीन, त्याला होस्ट म्हणतात, त्यावर केव्हीएम हे लिनक्सचं व्हीएम चालवायचं सॉफ्टवेअर, त्यात पाच व्हीएम. सौदे झाले की शेतकरी पट्टीसाठी, म्हणजे मालाच्या हिशोबाच्या कागदासाठी, दारात उभा, आणि एक पट्टी निघायला मिनीट-दीड मिनीट. मालक म्हणाले, टॉपमध्ये तर सीपीयू 35 दाखवतंय, म्हणजे सॉफ्टवेअरवाला चोर आहे.

चोर होता, पण तो नव्हे. टॉपच्या वरच्या बाजूला सीपीयूची जी ओळ असते तिच्या अगदी शेवटी 'एसटी' म्हणून आकडा असतो, तो 28 होता. एसटी म्हणजे स्टील टाइम. व्हीएमला काम करायचं होतं, प्रोसेस तयार होती, पण होस्टनं सीपीयू दिलाच नाही, दुसऱ्या कुणाला तरी दिला, तो वेळ हा. म्हणजे 35 टक्के 'वापर' बघून खूश व्हायचं काही कारण नाही, वापर कमी दिसतोय कारण मिळतच नाहीये. मेसेजवाल्यानं नेमका हाच आकडा गाळलाय. आणि आकडा बघताना पण एक गंमत आहे, व्हीएमस्टॅट 1 मारलं (ही कमांड दर सेकंदाला सीपीयू-मेमरीचे आकडे देते) की येणारी पहिली ओळ ही मशीन चालू झाल्यापासूनची सरासरी असते, लोक तेवढी बघून स्क्रीनशॉट पाठवतात. दुसऱ्या ओळीपासून बघायचं राव. डिस्कचे आकडे देणाऱ्या आयओस्टॅटचं पण तेच.

बरं, एसटी शून्य दिसला म्हणजे चोरी नाही असंही नाही. केव्हीएम आणि त्याच्यासारख्याच झेनवर होस्ट हा हिशोब आत कळवतो म्हणून तो दिसतो. व्हीएमवेअर ह्या तिसऱ्या सॉफ्टवेअरवर बहुतेक ठिकाणी आत शून्यच दिसतो, कारण वरून कुणी सांगतच नाही, आणि मग चोरीला गेलेला वेळ आतल्याच कुठल्यातरी गरीब प्रोसेसच्या नावावर पडतो. तिथं होस्टवर ईएसएक्सटॉप (व्हीएमवेअरचा टॉप) लावून रेडी टक्के, म्हणजे व्हीएम तयार असून सीपीयूसाठी थांबली तो वेळ, बघावे लागतात, आणि तो आकडा सगळ्या व्हीसीपीयूंची बेरीज असतो, त्यामुळं चार व्हीसीपीयूच्या व्हीएमला 20 दिसले तर प्रत्येकी 5 धरायचे, लगेच बोंब मारायची नाही.

कृष्णेवरच्या आयर्विन पुलाखाली पाणी किती फूट आहे एवढंच बघून सांगलीकर झोपत नाही. 40 ला इशारा, 45 ला धोका हे इथं पोराबाळांना पाठ आहे, पण पावसाळ्यात पहिला प्रश्न असतो कोयना धरणातून किती क्युसेक सोडलंय. व्हीएमच्या आतला टॉप म्हणजे पुलाखालची पाणी मोजायची पट्टी. वरचं बघायला होस्टवरच जायला लागतं. तिथं व्हर्ट-टॉप आहे, कुठली व्हीएम किती खातेय ते एका नजरेत दिसतं. व्हर्श डोमस्टॅट्स कमांडला व्हीसीपीयूचा पर्याय दिला की नव्या लिबव्हर्टमध्ये (व्हीएम सांभाळणारं सॉफ्टवेअर) प्रत्येक व्हीसीपीयूचा 'डिले' नॅनोसेकंदात मिळतो, म्हणजे तो व्हीसीपीयू (होस्टसाठी तो एक थ्रेडच, म्हणजे कामाचा एक धागा) होस्टच्या रांगेत किती वेळ ताटकळला. हा चढता आकडा आहे, दहा सेकंदाच्या अंतरानं दोनदा घ्यायचा आणि वजाबाकी करायची. लिबव्हर्ट जुनं असेल तर होस्टच्या प्रॉक फोल्डरमध्ये त्या थ्रेडची शेडस्टॅट फाइल आहे, तिच्यातला दुसरा आकडा हाच. आणि हो, होस्टच्या टॉपमध्ये क्यूईएमयूची (होस्टवर अख्खी व्हीएम चालवणारा प्रोग्राम) प्रोसेस 400 टक्के दिसली म्हणून घाबरून किल करू नका, चार व्हीसीपीयू पूर्ण भरात चालले की 400 च दिसणार. एकानं किल केली होती, नाव सांगत नाही.

आता तो डीडीचा सल्ला. ह्याचा मला खरा राग आहे. मालकांच्या पोरानं झिरोमधून एक जीबीची फाइल डीडीनं लिहिली, आकडा आला सेकंदाला दीड जीबीच्या वर, आणि तो म्हणाला डिस्क तर रॉकेट आहे. खोक्यात साधी साटा एसएसडी. साटाची तार 6 गिगाबिटची, कितीही ओढलं तरी सेकंदाला 600 एमबीच्या पुढं जाऊच शकत नाही. मग दीड जीबी आले कुठनं? रॅममधनं. डेटा व्हीएमच्या पेज कॅशमध्ये (रॅममधली तात्पुरती जागा) पडला आणि डीडी 'झालं' म्हणून मोकळा. ओफ्लॅग डायरेक्ट लावलं तर आतली कॅश टळते, पण होस्टवर डिस्क राइटबॅक कॅशवर (आधी रॅममध्ये, मग सवडीनं डिस्कवर) ठेवली असेल तर होस्टची रॅम मधे येतेच. शिवाय नुसती शून्यं लिहिताय, खाली कॉम्प्रेस करणारं स्टोरेज असेल तर ते शून्यं जवळजवळ फुकटात गिळतं.

त्यातूनही मूळ चूक वेगळीच आहे. पट्टी काढताना डेटाबेस एक-एक जीबी लिहीत नाही, तो चिमूटभर लिहितो आणि दर वेळी 'डिस्कवर पक्कं गेलं का' म्हणून थांबतो. तेव्हा मोजायचं तर एफआयओ ह्या डिस्क तपासायच्या टूलनं, ब्लॉक 4के, रँडम राइट, आयोडेप्थ 1, डायरेक्ट 1, एफसिंक 1, आणि बघायचं स्पीड नाही तर लेटन्सी, म्हणजे एका लिखाणाला लागलेला वेळ, त्यातही सरासरी नाही, 99 वा पर्सेंटाइल, म्हणजे शंभरातली 99 लिखाणं जेवढ्या वेळात होतात तो आकडा. सरासरी चार मिलिसेकंद आणि शंभरातलं एक लिखाण 300 मिलिसेकंद असेल तर रांगेतल्या माणसाला ते 300 च लागतात. एफआयओ फाइलवर चालवा, चुकून अख्ख्या डिस्कच्या नावावर राइट टेस्ट लावली तर डेटा गेला समजा. आणि सौद्याच्या वेळेत चालवू नका, शेजारच्या चार व्हीएम पण त्याच डिस्कवर आहेत.

मेमरीचं थोडक्यात: फ्री नाही, अव्हेलेबल (लागली तर मिळू शकेल ती) बघा, लिनक्स 2014 पासून तो आकडा वेगळा देतंय. पण होस्टच जर स्वॅपमध्ये गेला असेल, म्हणजे रॅम कमी पडून मेमरी डिस्कवर हलवत असेल, तर आत काहीच दिसत नाही, आतला स्वॅप शून्य आणि तरी व्हीएम रांगते. तेव्हा होस्टवर क्यूईएमयूच्या प्रॉक स्टेटसमध्ये व्हीएमस्वॅप बघायचं. अशा वेळी मेसेज ऐकून व्हीएमची रॅम वाढवली तर होस्ट अजूनच बुडतो.

व्हीसीपीयू डबल करायचा उपाय तर पोरानं करूनच ठेवला होता. खोक्यात 8 कोर, पाच व्हीएमना प्रत्येकी 8 व्हीसीपीयू, झाले 40. एका व्हीसीपीयूनं कर्नलमधलं (सिस्टिमच्या गाभ्यातलं) एका वेळी एकालाच मिळणारं लॉक धरलं आणि होस्टनं त्यालाच खाली उतरवलं की बाकीचे त्या लॉकसाठी नुसते गोल फिरत बसतात, बाहेरून दिसतं सीपीयू जोरात चाललाय. पट्टीच्या व्हीएमला 4 आणि बाकीच्यांना 2-2 केले तर एसटी निम्म्यावर आला. काही विकत न घेता.

होस्टवर परफ केव्हीएम स्टॅट लाइव्ह ही कमांड पण लावली एकदा, व्हीएम सारखी होस्टकडं का पळतेय ते त्यात कारणासकट दिसतं. पहिल्यांदा बघणारे एचएलटीला वेळेचे 90 टक्के बघून हादरतात, पण एचएलटी म्हणजे व्हीएम काम नाही म्हणून झोपलीय, तो आजार नव्हे. आम्हाला सापडलं ते शेजारच्या विंडोज व्हीएममध्ये, आयओ इन्स्ट्रक्शनचा ढीग. आधीच्या माणसानं तिला आयडीई डिस्क (जुन्या पद्धतीची, प्रत्येक कामाला होस्टकडं पळवणारी) दिलेली, कारण विंडोज इन्स्टॉल करताना व्हर्टआयओचा (व्हीएमसाठीच बनवलेली हलकी डिस्क) ड्रायव्हर वेगळा घालावा लागतो आणि तेवढी तसदी घेतली नव्हती. बदलली.

पण उरलेला एसटी जाईना. मेसेजमधलं 'टॉप मारा' इथंच लंगडं पडतं, कारण मी संध्याकाळी जायचो तेव्हा सगळं गारगार. व्हीएममध्ये सिसस्टॅट चालू करून ठेवलं, ते दर दहा मिनिटांनी नोंद घेतं, आणि चार दिवसांनी एसएआर, म्हणजे त्या नोंदींचा अहवाल, काढला तर रोज बरोबर 11 ला एसटी वर, साडेबाराला खाली. होस्टच्या क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची यादी) 11 ला काहीच नाही. तासभर डोकं खाजवलं. मग डेट मारून बघितलं तर होस्टचं घड्याळ यूटीसीवर, व्हीएमची भारतीय वेळेवर. क्रॉनमध्ये बॅकअप होता पहाटे साडेपाचला, आधीच्या माणसाला वाटलं पहाटे कोण असतंय, आणि यूटीसीचे साडेपाच म्हणजे आपले सकाळचे अकरा. पाचही व्हीएमचा बॅकअप, वर कॉम्प्रेशन, रोज, सौदे रंगात आले की.

होस्टचा टाइमझोन बदलला, क्रॉन रीस्टार्ट केला, बॅकअप रात्री दीडला टाकला. पहिल्या रात्री घरून लॉगिन करून व्हीएमस्टॅट बघत बसलो होतो, दीडला एसटी पुन्हा चढला, 19 पर्यंत गेला. जाऊ दे म्हटलं, दीडला पट्टी मागायला कोण येतंय.