व्हेनिस बेटावर ट्रेन जाते

'व्हेनिस बेटावर ट्रेन जात नाही, मुख्य भूमीवरच्या मेस्त्रे स्टेशनला उतरून वॉटर टॅक्सीच करावी लागते' असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे. खाडीवरचा रेल्वेपूल १८४६ पासून आहे. मेस्त्रेनंतर साधारण १० मिनिटांत गाडी बेटावरच्या सांता लुचिया स्टेशनला पोहोचते. मी तिथे उतरलोय. स्टेशनच्या पायऱ्यांसमोरच ग्रँड कनाल या शहरातल्या मुख्य कालव्याचं हिरवट पाणी. काही गाड्या मेस्त्रेलाच थांबून पुढे दुसरीकडे जातात, त्यामुळे तिकिटावर 'सांता लुचिया' बघून घ्या. पुढे वापोरेत्तो, म्हणजे पाण्यावरची बसच, नाहीतर पायी. वॉटर टॅक्सी कितीतरी पट महाग पडते. वयस्कर आईवडिलांना घेऊन निघालेल्यांना हा भुर्दंड नको. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. आधीच पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.