लस आणि जंत: उलटी बाजू राहिलीच

बीसीजी (क्षयाची लस), गोवरासारख्या लशी घेतलेल्या मुलांत जंतांचा त्रासही कमी दिसतो, असं एका लेखात म्हटलंय. असेलही. पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी-बिसाऊ देशात डॅनिश संशोधक पीटर आबी यांनी 1978 पासून जे काम केलं, त्यातून लशींच्या अशा जादा फायद्याची चर्चा वाढली. पण ते मुख्यतः बालमृत्यूंबद्दल होतं, जंतांबद्दल नव्हे. शिवाय ज्या घरात लस वेळेवर, तिथे संडास, चपला, उकळलेलं पाणीही असण्याची शक्यता जास्त. मग श्रेय नेमकं कोणाचं?

उलटी बाजू, म्हणजे जंतांचा लशींवर होणारा परिणाम, तर लेखात आलीच नाही. जंत आपली प्रतिकारशक्ती त्यांच्या सोयीने मवाळ करून ठेवतात, त्यामुळे काही लशींचा परिणाम फिका पडू शकतो. आमच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात पावसाळ्यात पोरं कुळागरात (सुपारीच्या बागेत) अनवाणीच हुंदडतात (कितीही ओरडा), आणि अंकुशकृमी (हूकवर्म) या जंताची अळी तळपायाच्या कातडीतूनच आत शिरते. तिच्यावर लस अजून नाही. तेव्हा अंगणवाडीत, शाळेत मिळणारी अल्बेंडाझोल ही जंतांची गोळी चुकवू नका: 1 ते 2 वर्षांच्या बाळाला अर्धी गोळी चुरडून पाण्यातून, त्यापुढच्या मुलांना 400 मिलिग्रॅमची पूर्ण, 3 वर्षांपर्यंत चुरडूनच आणि मग चावून. 'पोट दुखतं' म्हणून काही आया ती परत करतात. जंत जास्त असले की थोडा वेळ दुखतं, मळमळतं, मग आपोआप थांबतं.