काठावरचा डोनर

"एक अडुसष्ट? काठावर आहेत हो."

माझ्या प्लेटलेटचा काउंट एक लाख अडुसष्ट हजार आला. दीड लाखाच्या खाली असता तर तुम्हाला परत पाठवलं असतं, एवढंच सिस्टर म्हणाल्या होत्या. 'काठावर' हा शेरा काकांचा. दहावीला गणितात सदतीस पडले तेव्हा वडिलांनी नेमका हाच शब्द वापरला होता, पण त्यांनी निदान माझ्या क्लासची फी भरली होती.

काका म्हणजे पेशंटचे धाकटे भाऊ. पेशंट म्हणजे बायकोच्या मैत्रिणीचे सासरे. डेंग्यू, काउंट नऊ हजार, हिरड्यांतून रक्त. शुक्रवारी रात्री ग्रुपवर मेसेज आला, 'अर्जंट'पुढे सहा उद्गारचिन्हं. शनिवारी सकाळी मी घोडबंदर रोडवरून, माजिवड्याला यथासांग अडकून, नौपाड्यातल्या ब्लड बँकेत पोहोचलो. फॉर्म, वजन, तपासण्या झाल्या आणि मला आरामखुर्चीत आडवं करून दोन्ही हातांत एकेक सुई घातली. एका हातातून रक्त जातं, मशीन ते गरागरा फिरवून प्लेटलेट बाजूला काढतं आणि उरलेलं दुसऱ्या हातातून परत देतं. म्हणजे तासदीड तास दोन्ही हात जायबंदी.

अशा माणसाशेजारी स्टूल ओढून काका बसले.

काका वीज मंडळातून निवृत्त झालेले. मशीनकडे त्यांनी एकदाच बघितलं आणि त्यांना आपलं माणूस भेटलं. "रीडिंग किती झालं, सिस्टर?" दर पाच मिनिटांनी. माझी मूठ ढिली पडून मशीन टूं टूं वाजलं की, "ट्रिप झालं! दाबा, दाबा, बॉल दाबा!"

मग चौकशी आयोग बसला.

"सकाळी काय खाल्लंत?"

"पोहे."

"शेंगदाणे?"

"होते."

"तळलेले?"

तेलकट खाल्लं की प्लाझ्मा दुधासारखा होतो आणि पिशवी वाया जाऊ शकते, असं सिस्टरनी त्यांना बोलता बोलता सांगितलं होतं. तेवढ्या ज्ञानावर काका थेट भरारी पथकात भरती झाले होते.

"खोबरं घातलं होतं?"

"थोडं."

"थोडं म्हणजे?"

मी चिमूट दाखवायला गेलो, मशीन पुन्हा वाजलं.

"आमच्या पुतण्याचा काउंट सांगू? तीन चाळीस!" काका म्हणाले. "तीन लाख चाळीस हजार. त्याची पिशवी पाऊण तासात भरली असती. तुमचा कमी, म्हणून हा एवढा वेळ."

हे खरं आहे, काउंट कमी असला की जास्त रक्त फिरवावं लागतं. खरं असल्यामुळेच जास्त लागलं.

"मग तो येतोय का?"

"कोण, तो? छे हो. बदलापूरला असतो. त्याला सुई चालत नाही."

मी छताकडे बघत राहिलो. छताला एक पंखा होता, बंद.

त्याच सुमारास नाकाच्या शेंड्याला खाज सुटली. आधी मी नाक आखडून बघितलं, फुरफुरून बघितलं. काकांच्या लक्षात आलं. त्यांनी भावाच्या रिपोर्टांची फाइल उचलली, तिचा कोपरा माझ्या नाकाला लावला आणि मीटरचं सील तपासावं तसं वाकून विचारलं, "इथं? का इथं?" समोरच्या खुर्चीतला कॉलेजचा मुलगा हे सगळं बघत होता. त्याचा काउंट नक्कीच चांगला असणार.

थोड्या वेळाने ओठांना मुंग्या आल्या, बांगड्याच्या आमटीत तिरफळ चावावं तशा. रक्त गोठू नये म्हणून मशीन त्यात सायट्रेट मिसळतं, ते शरीरातलं कॅल्शियम धरून ठेवतं. सिस्टरनी कॅल्शियमची गोळी चघळायला दिली. "अर्थिंग नीट नाही," काका म्हणाले.

पिशवीत पिवळट पाणी साठत होतं. "हे रक्त? हे तर वरणावरचं पाणी!" पुढे ती पिशवी हलत्या ट्रेवर ठेवतात हे कळल्यावर त्यांनी विचारलं, "झोपवतात का काय त्यांना?" सिस्टर म्हणाल्या, "गुठळ्या होऊ नयेत म्हणून हलवतो." हसल्या नाहीत. त्यांची तेव्हा नाइट ड्युटी संपायची होती.

काकांचा राग येत होता, पण खरा राग काकांचा नव्हता. त्या घरातली सून रात्री दोन वाजेपर्यंत अनोळखी माणसांना फोन लावत बसली होती. पैसे घेऊन रक्त देणं १९९८ पासून बंद झालं, उत्तमच झालं. पण त्या विकणाऱ्याच्या जागी कोण येऊन उभं राहिलं? हातात मोबाइल घेतलेला पेशंटचा नातेवाईक. प्लेटलेट फक्त ५ दिवस टिकतात, त्याही २० ते २४ अंशांत सतत हलवत ठेवून. साठा करता येत नाही, मान्य. पण पावसाळ्यात डेंग्यू येतो ही काही यंदाची ताजी बातमी नाही. दहीहंडीच्या नवव्या थरासाठी याच ठाण्यात पोरं जमतात, आणि आठवड्याला चार माणसं आरामखुर्चीत पडून राहायला मिळत नाहीत. मीही मेसेज आल्याशिवाय कुठे गेलो होतो म्हणा.

साडेबाराला सुटलो. दोन्ही कोपरांत कापूस, हात पेंग्विनसारखे. बाहेर कॉफी आणि बिस्किटाचा पुडा ठेवलेला असतो. कॉफी होती. पुड्याचा कागद काकांच्या हातात होता, नीट घडी घालून.

"शुगर खाली गेली होती हो. टेन्शन."

जाता जाता त्यांनी माझा नंबर घेतला. आभाराचा फोन करतील असं मला वाटलं, हे माझंच चुकलं.

सोमवारी दुपारी बारा पस्तीसला फोन आला.

"दादा सुधारतायत. काउंट वर आलाय."

"अरे वा, छान!"

"सिस्टर म्हणाल्या, ४८ तासांनी पुन्हा देता येतं. आठवड्यातून दोनदा, वर्षाला २४ वेळा. तुमचे आत्ताच ४८ झाले."

"पण दादा तर..."

"दादांना नको हो. शेजारच्या बेडवाल्यांना हवंय. मी तुमचा नंबर दिलाय त्यांना." आणि आवाज खाली आणून, "काठावर आहेत हेही सांगून ठेवलंय. उगाच मागाहून बोल नको."