पाण्याचा हिशेब कुठे गेला?

विज्ञानकथांमधलं, निर्जन जागी तग धरून जगण्याचं प्रशिक्षण म्हणजे निव्वळ मसाला, खऱ्या अंतराळवीराला जंगलात कोण पाठवतं, हे नुकत्याच वाचलेल्या एका लेखातलं म्हणणं पटलं नाही. मार्च १९६५ मध्ये व्होस्खोद-२ हे सोव्हिएत अंतराळयान ठरल्या जागेपासून शेकडो किलोमीटर लांब, बर्फाळ जंगलात उतरलं. त्यातले अंतराळवीर लिओनोव आणि बेल्यायेव यांना दोन रात्री तिथंच काढाव्या लागल्या. पुढे सोयूझ या यानात अंतराळवीरांसाठी तीन नळ्यांचं पिस्तूल ठेवायला लागले, ते यातूनच. आपल्या गगनयान या मानवी अंतराळ मोहिमेसाठी निवडलेल्या चौघांनीही रशियात बर्फातला आणि पाण्यातला सराव केलाय.

माझी तक्रार वेगळीच आहे. कथांमधले प्रशिक्षक पोरांच्या हातात चाकू देतात, परग्रहावर सोडतात आणि पुढची वीस पानं श्वापदांशी झुंज! पाण्याचा हिशेब कुणी करतच नाही. आमच्या सोलापुरात मे महिन्यात पारा ४३-४४ वर जातो, त्यात नळाला काही दिवसांआड पाणी; इथला माणूस आधी घागर बघतो. कोरड्या उन्हात घाम लगेच वाळतो, त्यामुळे अंगातलं किती पाणी गेलं ते कळतही नाही. दिवसा सावलीत गप्प पडून राहणारा आणि ऊन उतरल्यावर चालायला लागणारा नायक मला एकदा वाचायचाय. जेवणाऐवजी गोळ्या गिळून जगणाऱ्या नायकांचा कंटाळा आला, त्याच्या पिशवीत ज्वारीची कडक भाकरी टाका. ओलावा नसल्यानं ती कित्येक दिवस टिकते. शेंगा चटणी मात्र बेतानं द्या, नाहीतर पाणी लवकर संपेल.