'पगार नको, लक्ष द्या' वाला हॉथॉर्नचा मेसेज पुढं पाठवायच्या आधी हे वाचा

आमच्या वाळूजच्या एचआरवाल्यांच्या ग्रुपवर परत तोच मेसेज फिरू राहिला. अमेरिकेत हॉथॉर्न कारखान्यात लाईट वाढवला तर काम वाढलं, कमी केला तरी वाढलं, म्हणजे कामगाराला पगार-सोयी नाही तर साहेबाचं लक्ष पाहिजे असतं, हे म्हणे सिद्ध झालंय. एमबीएला मीही हेच पाठ केलं होतं, पण हे खरं नाही.

पहिलं लाईटचं. शिकागोजवळ वेस्टर्न इलेक्ट्रिक या टेलिफोनचं सामान बनवणाऱ्या कंपनीच्या त्या कारखान्यात हे प्रयोग १९२४ ते १९२७ मध्ये झाले. मूळ आकडे हरवले असंच सगळे समजत होते, ते सापडले आणि लेविट अन् लिस्ट या अर्थशास्त्रज्ञांनी तपासून २०११ मध्ये छापले. लाईट बदलायचे रविवारी, कारखाना बंद असताना, आणि सोमवारी काम शनिवारपेक्षा जास्त भरायचं. पण ज्या आठवड्यात लाईटला कुणी हातच लावला नाही तेव्हाही सोमवारी ते वाढायचंच! सुट्टीनंतरच्या फर्स्ट शिफ्टचा हात अन् शनिवारचा हात सारखा असतो का, लाईनवरच्या कुणालाही विचारा.

दुसरं, रिले (टेलिफोन यंत्रणेतला विजेचा छोटा स्विच) जोडणाऱ्या पाच पोरींची खोली, १९२७ पासूनची. खरी लपवालपवी इथंच आहे राव. आधी त्यांचा इन्सेन्टिव्ह शंभरेक जणांच्या डिपार्टमेंटवर निघायचा, खोलीत आणल्यावर त्यांच्या छोट्या ग्रुपवरच काढायला लागले, म्हणजे जास्त जोडलं की पैसा आपल्याच पाकिटात. वरून मधल्या सुट्ट्या, सकाळी खायला, काही दिवस अर्धा तास लवकर सुटी. आणि जानेवारी १९२८ ला, लई बोलतात अन् काम वाढवत नाहीत म्हणून दोघींना काढून दुसऱ्या दोघी बसवल्या. पैसा बदलला, आराम दिला, माणसं बदलली, मग श्रेय एकट्या लक्षाला कसं काय? ॲलेक्स कॅरी या अभ्यासकांनी १९६७ मध्येच हे धुऊन काढलंय.

मी आधी होतो त्या कंपनीत हाच किस्सा मिटिंगमध्ये सांगून कूलरचा खर्च थांबवला होता. मे महिना, पत्र्याचं शेड, दुपारी दोनला असेंब्लीच्या पोरी ओढणी ओली करून डोक्यावर घ्यायच्या, आणि मला सांगितलेलं की राउंड मार, चौकशी कर. गंगापूरहून येणारी एक ताई म्हणाली, सर, तब्येत रोज विचारता, कूलर कधी बसवता? मला उत्तर देता आलं नाही.

तिसरं तर मेसेजमध्ये येतच नाही. त्याच कारखान्यात १९३१-३२ ला बँक वायरिंग रूममध्ये (पैशाची बँक नाही, टेलिफोनच्या स्विचच्या रांगांना तारा जोडायची खोली) १४ गडी होते, निरीक्षक रोज समोर बसलेला, म्हणजे लक्षच लक्ष. तरी काम वाढलं नाही. गड्यांनी आपसात ठरवलेल्या आकड्याच्या पुढं कुणी गेला की दंडावर बुक्की बसायची, कारण जास्त करून दाखवलं तर कंपनी रेट पाडेल ही धास्ती. आपल्याकडं वेगळं काय आहे? या महिन्यात टार्गेट गाठलं की पुढच्या महिन्यात तेच वाढवून बोर्डावर लिहितात, म्हणून शिफ्ट संपायच्या अर्धा तास आधीच पोरं हात ढिला सोडतात.