बॅटरीवरचं '२०० बार'चं वॉशर: त्या फॉरवर्डला उत्तर

गेले काही दिवस एक मेसेज सगळ्या ग्रुपवर फिरतोय. "प्रेशर वॉशरवर दहा हजार घालवू नका" अशी सुरुवात, खाली हातात धरून पाण्याची जोराची धार मारायच्या बॅटरीवाल्या गनचा फोटो, आणि मग एकामागून एक दावे. २०० बारचा दाब, सर्व्हिस सेंटरच्या मशीनइतकाच. बॅटरी ८८ व्होल्टची, आणि जितके व्होल्ट जास्त तितकी ताकद जास्त. एका चार्जमध्ये अख्खा बंगला. अंगण, जांभा, कौलं, पत्रे, एसी, सोलर सगळं नव्यासारखं. पाणी ९० टक्के वाचतं, लहान मुलंही वापरू शकतात, चार्जर कुठलाही चालतो, रात्रभर लावून ठेवा.

माझं पंप आणि पॉवर टूल दुरुस्तीचं काम आहे, त्यामुळे "हे खरं आहे का रे" म्हणून असले मेसेज माझ्याकडे येतच असतात. पण परवा आत्याचा फोन आला. चिपळूणजवळ असते, सत्तरी ओलांडलीय. म्हणाली मशीन मागवतेय, गणपतीच्या आधी पडवीचे पत्रे धुऊन घेते, शिडी शेजारून आणलीय, पत्र्यांवर पण चालतं असं लिहिलंय त्यात. तेव्हा मात्र डोकं सणकलं.

आधी ते २०० बार (बार हे दाबाचं माप). हे धडधडीत खोटं आहे आणि ते ओळखायला इंजिनियर असायची गरज नाही, पाचवीचा गुणाकार-भागाकार पुरतो. पाण्याला दाब द्यायला लागणारी पॉवर काढायची तर बार गुणिले मिनिटाला किती लिटर, भागिले ६००, उत्तर किलोवॅटमध्ये येतं. २०० बार आणि मिनिटाला ५ लिटर धरा: १००० भागिले ६००, म्हणजे साधारण १.६७ किलोवॅट, आणि हे नुसतं पाण्यात जाणारं, मोटर आणि पंपातलं नुकसान वेगळं. आता त्या गनची बॅटरी बघा. असे पॅक दुरुस्तीला येतात तेव्हा मी उघडतो, चार स्क्रू काढले की आत अंगठ्याएवढ्या जाडीचे, १८ मिलिमीटर व्यासाचे १८६५० सेल दोन ओळीत बसवलेले दिसतात, वर निकेलच्या पट्ट्या स्पॉट वेल्ड केलेल्या. दहा सेल, पाच सिरीजमध्ये (एकापुढे एक, व्होल्ट वाढायला), दोन पॅरलल (शेजारी-शेजारी, करंट वाढायला). अशा पॅकमध्ये साधारण १८ व्होल्ट, ३ अँपिअर-अवर, दोन्हींचा गुणाकार म्हणजे ५४ वॅट-अवर, ही बॅटरीत साठलेली एकूण ऊर्जा. त्यातून १.६७ किलोवॅट ओढायचे तर ९० च्या वर अँपिअर लागतील, एकेका सेलमधून ४५ पेक्षा जास्त, आणि एवढा करंट हे सेल देऊच शकत नाहीत. समजा दिला, तरी दोन मिनिटांच्या आत बॅटरी संपली. मग २०० बारने बंगला धुणार कोण?

खरे आकडे हवेत तर नावाजलेल्या कंपनीचं स्पेसिफिकेशन बघा, ती कंपनी तरी स्वतःचा आकडा कमी करून लिहिणार नाही ना. कार्चरची हातात धरायची बॅटरीवाली गन आहे, केएचबी ६, १८ व्होल्टची. दाब जास्तीत जास्त २४ बार, पाणी तासाला २०० लिटर. बस. जर्मन कंपनी, आयुष्यभर हेच बनवते, आणि १८ व्होल्टवर ती २४ बारच लिहिते. घरगुती वायरवाली मशीनं १०० ते १३० बारची असतात, १२०० ते १८०० वॅट खातात, आणि भिंतीतल्या प्लगशिवाय किंवा चांगल्या जाडजूड ३६ व्होल्टच्या बॅटरीशिवाय त्या दाबाच्या जवळपास जाता येत नाही. प्रेशर वॉशरच्या सुरक्षिततेचं जे आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड आहे ना, आयईसी ६०३३५-२-७९, ते सुरूच २५ बारपासून होतं आणि ३५० पर्यंत जातं. म्हणजे या हातातल्या गन मुळात हाय प्रेशरच्या व्याख्येतही बसत नाहीत, मग सर्व्हिस सेंटरशी बरोबरी कसली करताय.

मला वाटतं घोळ पीएसआयचा, म्हणजे दाबाच्या दुसऱ्या मापाचा, झालाय. असल्या बॉक्सवर आकडा बरेचदा पीएसआयमध्ये असतो. १ बार म्हणजे १४.५ पीएसआय, तेव्हा २०० पीएसआय म्हणजे जेमतेम १४ बार. कुणीतरी आकडा उचलला, पुढे बार चिकटवलं, आणि लोकांनी डोळे मिटून पुढे ढकललं.

८८ व्होल्ट. लिथियमचा एक सेल साधारण ३.६ व्होल्टचा, पूर्ण भरला की ४.२. पाच सिरीजमध्ये लावले की १८, भरलेले असताना २१. (म्हणूनच एका देशात १८ व्होल्ट आणि दुसऱ्या देशात २० व्होल्ट मॅक्स म्हणून विकला जाणारा पॅक एकच असतो, त्यात फसवणूक नाही.) ८८ व्होल्ट हवे असतील तर कमीत कमी २१ सेल सिरीजमध्ये लागतील, म्हणजे नुसत्या सेलचंच वजन किलोच्या आसपास. हातात घेतल्यावर कळतं हो. स्टिकरवर बारीक अक्षरात बघितलंत तर '८८ व्हीएफ' असं दिसेल, कुठे १९९ व्हीएफ, कुठे ३९८. बॅटरीच्या ताकदीचं असं कुठलंही एकक नाही. दुकानात स्टिकर वाचू नका, वॅट-अवर विचारा, नाहीतर व्होल्ट आणि अँपिअर-अवर दोन्ही विचारून गुणाकार करा. आणि चार्जरवर आउटपुट २१ व्होल्ट लिहिलेलं असेल तर पॅकवर काहीही छापलेलं असो, तो सिरीजमध्ये पाच सेलवालाच आहे.

एका चार्जमध्ये बंगला. ५४ वॅट-अवर, २५० वॅटची मोटर, तेरा मिनिटं. तेवढ्यात ४०-४५ लिटर पाणी मारून होतं, दोन-अडीच मोठ्या बादल्या. मोटरसायकल होते, खिडक्यांच्या जाळ्या होतात. बंगला नाही होत.

आता पत्रे. या मुद्द्यासाठी खरं तर हे सगळं लिहितोय. आपल्याकडे पडवी, गोठा, न्हाणी, मागचं शेड, सगळीकडे जे राखाडी नागमोडी सिमेंटचे पत्रे आहेत, त्यातले बहुतेक अ‍ॅसबेस्टॉस सिमेंटचे आहेत. आपल्या देशात ते अजूनही कायदेशीरपणे विकले जातात, म्हणून लोकांना वाटतं त्यात काही नाही. अ‍ॅसबेस्टॉसचे सगळे प्रकार कॅन्सर करतात असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते, फुप्फुसाचा आणि त्याच्या आवरणाचा, आणि आजार दिसायला वीस-तीस-चाळीस वर्षं जातात म्हणून कुणी त्याचा संबंध पत्र्याशी लावत नाही. पत्रा अखंड असेल, कुणी त्याला हात लावत नसेल, तर धागे सिमेंटमध्ये अडकून असतात. पण वीस-पंचवीस पावसाळे झेललेल्या पत्र्याचा वरचा थर खरबरीत झालेला असतो, शेवाळ त्याच थरात रुजलेलं असतं, आणि तुम्ही जेट मारला की शेवाळासोबत तो थरही सुटतो. तो राड खाली अंगणात, विहिरीच्या कठड्यावर, वाळत घातलेल्या कपड्यांवर येतो, सुकतो, आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही तो झाडूने झाडता. म्हणजे जे धागे आयुष्यभर पत्र्यात राहिले असते ते स्वतःच्या हाताने मोकळे केले. अशा पत्र्यांवर प्रेशर वॉशर मारू नये हा परदेशातल्या कामगार सुरक्षेचा साधा नियम आहे, आणि इथे कुणीतरी फॉरवर्डमध्ये "पत्रे नव्यासारखे" लिहितो. त्याला हे माहीत नसेल, पण मग लिहू नये ना! २०-२४ बारच आहे म्हणून चालेल असंही समजू नका, पत्र्यापासून वीतभर अंतरावरून बारीक नोझलने मारलं की तेवढा दाब पुरतो.

वर माणूस चढतो तो भाग वेगळाच. ओलं शेवाळ, म्हातारा पत्रा, एका हातात गन, मागे बादलीतून आलेला पाइप. हे पत्रे माणसाचं वजन घेत नाहीत, रंगकामवाले आणि पत्रे बसवणारे यातूनच खाली पडतात. आत्याला सांगितलंय, पत्रे तसेच राहू देत, गणपती काही पत्रे बघायला येत नाही.

कौलांचंही थोडक्यात. कौल कौलावर चढवलेलं असतं ते वरून खाली वाहणाऱ्या पावसासाठी. तुम्ही वळचणीखाली उभं राहून वर जेट मारला की पाणी उलटं सांध्यातून आत जातं, वासे आणि रिपा भिजतात.

आणि जांभा. जांभ्याचा चिरा खाणीतून काढतात तेव्हा मऊ असतो, हवा लागून वरून टणक होतो. ते वरचं टणक कातडं हेच त्याचं संरक्षण. एका गिऱ्हाइकाच्या गडग्यावर बघितलं, सरळ धारेच्या नोझलने जवळून धुतलेला, शेवाळ गेलं होतं खरं, पण चिऱ्यावर बोट जाईल अशा खाचा पडल्या होत्या आणि पायथ्याशी तांबडा गाळ साठला होता, तो गाळ म्हणजे त्यांची भिंतच. तिथे पुढच्या पावसात शेवाळ आधीपेक्षा जास्त धरतं, कारण पृष्ठभाग खडबडीत झाला. जांभ्याला ब्लीचिंग पावडरचं पातळ पाणी, थोडा वेळ मुरू द्यायचं, आणि खराटा. ब्लीचिंगसोबत टॉयलेट क्लीनर किंवा अ‍ॅसिड अजिबात नाही, क्लोरीन गॅस होतो. फरशीच्या किंवा सिमेंटच्या अंगणावर मात्र वॉशर खुशाल वापरा, पसरट फवारा ठेवा.

एसी आणि सोलर. एसीच्या बाहेरच्या युनिटच्या पात्या कागदासारख्या पातळ अ‍ॅल्युमिनियमच्या असतात, जेटने आडव्या होतात आणि हवा जायची बंद होते. आतल्या युनिटमध्ये सर्किट असतं, तिथे तर नकोच. सोलरवाले म्हणतात "आयपी ६७ आहे, काही होत नाही". २०२४ ला पीएम सूर्यघर आल्यापासून गावोगावी छतावर पॅनल दिसतात, म्हणून नीट सांगतो. आयपी म्हणजे धूळ आणि पाणी आत शिरण्यापासून संरक्षणाचा दर्जा, आणि ६७ मधल्या ७ ची पाण्याची चाचणी म्हणजे वस्तू १ मीटर पाण्यात अर्धा तास बुडवणं. १ मीटर पाण्याचा दाब ०.१ बार. त्या चाचणीत पास झालेल्या, पॅनलमागच्या वायरिंगच्या डब्यावर तुम्ही २० बारची धार मारणार? इतक्या जास्त दाबाचा जेट सोसायची चाचणी वेगळी असते, ८० ते १०० बारची, तिला आयपीएक्स ९ म्हणतात. तो आकडा नसेल तर पॅनलला सकाळी थंड असताना साधं पाणी आणि मऊ मॉप.

लहान मुलं. नाही. साधारण १०० पीएसआय, म्हणजे ७ बारची बारीक धारसुद्धा जवळून कातडी फोडू शकते. बाहेरून टाचणी टोचल्यासारखं दिसतं आणि आत पाणी, घाण पसरलेली असते. असं झालं तर हळद लावून बसू नका, त्याच दिवशी सर्जनला दाखवा. गंमत म्हणून पाय धुणं, कुत्रा धुणं, तेही बंद.

पाणी वाचतं. हे मात्र, नाइलाजाने का होईना, बऱ्यापैकी खरं आहे. ९० टक्के वगैरे सोडा, पण साध्या अर्ध्या इंची पाइपातून नळ पूर्ण सोडला तर मिनिटाला १०-१५ लिटर सहज जातात, ही गन तीन-साडेतीन घेते आणि ट्रिगर सोडला की बंद. आणि ती बादलीतून ओढते, नळ लागत नाही. आपल्याकडे छतावरच्या टाकीचा दाब १० मीटरला १ बार, म्हणजे एकमजली घराच्या खालच्या नळाला अर्धा बारच येतो, त्याच्यापुढे २० बार म्हणजे चाळीसपट, म्हणून लोकांना पहिल्यांदा वापरल्यावर भारी वाटतं आणि ते वाटणं खोटं नाही. सोसायटीच्या पार्किंगमध्ये प्लग नाही, गाडी आठवड्याला धुवायची आहे, सायकल, जाळ्या, कुंड्या, बाल्कनी, एवढंच काम आहे, तर जरूर घ्या. घरी आधीच चांगल्या कंपनीचं १८ व्होल्टचं ड्रिल असेल तर त्याच बॅटरीवर चालणारी गन नुसती बॉडी मिळते का बघा, पैसे वाचतात आणि बॅटरीही खात्रीची. ४ अँपिअर-अवरपेक्षा लहान बॅटरी घेऊ नका. पाइपाच्या टोकाला गाळणी आहे का, बॅटरीच्या खाचेला रबरी झाकण आहे का, आणि आतल्या रबरी चकत्या, सील, नोझल सुटे मिळतात का हे दुकानदाराला विचारा. सुटे भाग नसले की एका फाटलेल्या रबरी ओ-रिंगपायी अख्खी गन भंगारात जाते, माझ्याकडे अशा पडून आहेत. सोबत मिळणाऱ्या बाटलीत फक्त शॅम्पू घाला. पाण्यासाठी ती धरलीत तर १ लिटर वीस सेकंदात संपतं. आणि घरासमोर मोठं काँक्रीटचं अंगण असेल, प्लग असेल, तर वायरवालंच घ्या.

कुठलाही चार्जर, रात्रभर. हे ज्याने लिहिलं त्याला लिथियम बॅटरी म्हणजे काय हेच ठाऊक नाही. सिरीजमध्ये पाच सेल असलेल्या पॅकला २१ व्होल्टला थांबणारा, शेवटी करंट कमी करत नेणारा चार्जर लागतो. पिन बसली म्हणून दुसऱ्याच कशाचा तरी २४ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर लावला आणि आत संरक्षणाचं सर्किट नसेल, आणि स्वस्त पॅकमध्ये ते कित्येकदा नसतंच, तर सेल ४.२ च्या वर जातो, गरम होतो, फुगतो आणि पेटतो. ही आग पाण्याच्या तांब्याने विझत नाही. सोबत आलेलाच चार्जर, जागे असताना, फरशीवर, गादी-पडद्यांपासून लांब. गन धुऊन झाल्यावर लगेच नको, पॅक आधी थंड होऊ द्या. पावसाळाभर ठेवून द्यायची असेल तर बॅटरी काढून, निम्मी भरलेली, कोरड्या जागी. आणि घेताना पॅकवर बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह आणि त्याखाली 'आर'ने सुरू होणारा नोंदणी नंबर बघा. लिथियम सेल आणि बॅटऱ्यांना आपल्याकडे आयएस १६०४६ खाली ती नोंदणी सक्तीची आहे. बीआयएस केअर नावाचं सरकारी अ‍ॅप आहे, त्यात तो नंबर टाकला की कुठल्या कंपनीच्या कुठल्या मालासाठी दिलाय ते दिसतं, दुकानात उभ्या उभ्या होतं. नंबर नसेल, किंवा टाकल्यावर मोबाइलच्या पॉवर बँकचं नाव आलं, तर ते मशीन फुकट दिलं तरी घरात आणू नका.