२६ च्या वर गुण आले म्हणून निश्चिंत होऊ नका
स्मरणशक्ती, लक्ष वगैरे तपासणाऱ्या मोका (MoCA) चाचणीत ३० पैकी २६ किंवा जास्त गुण असले की काळजीचं कारण नाही, असं म्हटलं जातं. उच्चशिक्षितांच्या बाबतीत हे धरून चालू नका. शिक्षण आणि बौद्धिक कामातून मिळालेली राखीव क्षमता मेंदूची झीज बराच काळ झाकून ठेवते. (१२ वर्षं किंवा कमी शिकलेल्यांना यात एक गुण वाढवून देतात, तो उगाच नाही.) अशा माणसाची तुलना त्याच्याच जुन्या गुणांशी करा, आणि दर वेळी चाचणीचा वेगळा नमुना वापरा, नाहीतर लक्षात ठेवायला दिलेले शब्द पाठ होतात.

चूक कुठे झाली तेही बघा. १०० मधून सात-सात वजा करताना ९३, ८६ बरोबर आलं आणि मग "किती वजा करायचे होते?" असं विचारलं, तर गणित शाबूत आहे, सूचना मनात धरून ठेवणं सुटतंय. ट्रेल चाचणीत (कागदावरचे आकडे-अक्षरं रेषेने क्रमाने जोडायची) नुसते आकडे भराभर जोडणारा आकडा-अक्षर आलटून पालटून जोडताना अडखळतो, तेही लक्षाचंच काम.

चाचणीआधी श्रवणयंत्र लावलंय का, झोप झाली का, झोपेच्या किंवा ॲलर्जीच्या गोळ्या चालू आहेत का, हे विचारलंच पाहिजे. बी-१२ आणि थायरॉइडही तपासून घ्या.